काकांचा डुअल १२१९: हात थरथरतात, रेकॉर्ड्स ७८ च्या, मग टर्नटेबल कुठला?

पार्श्वभूमी

ही केस आमच्या बिल्डिंगमधलीच आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं काढलीयेत आणि एकदोन तपशील इकडचे तिकडे केलेत, बाकी जसं झालं तसंच लिहितोय.

काका वय ७९, मेकॅनिकल इंजिनियर, मूळचे सदाशिव पेठेतल्या वाड्यातले. १९७१ ते ७३ अशी दोन वर्षं ते ट्रेनिंगला जर्मनीत श्टुटगार्टला होते आणि परत येताना त्यांनी पगारातून वाचवून एकच मोठी वस्तू आणली ती म्हणजे डुअल कंपनीचा १२१९ टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर. डुअलचा कारखाना तिथून फार लांब नाही, ब्लॅक फॉरेस्टमधल्या सांक्ट गेओर्गन गावात. श्टाइडिंगर बंधूंनी १९०७ मध्ये सुरू केलेली कंपनी, आणि डुअल हे नाव पडलं १९२७ साली, कारण त्यांनी अशी मोटर काढली जी चावीवरही चालायची आणि विजेवरही. काकांच्या वडिलांकडे चावीचा ग्रामोफोन होता, त्यामुळे ही नावाची गोष्ट काकांना फार आवडते, मला किमान चारदा सांगून झालीये आणि प्रत्येक वेळी मी ऐकतो.

संग्रह दोन प्रकारचा. वडिलांच्या साधारण १८० तबकड्या, सगळ्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्या), लाखेच्या. नाट्यपदं जास्त, बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर, शिवाय काही यंग इंडिया लेबलच्या, ही मुंबईची कंपनी होती, १९३५ ला सुरू होऊन पन्नाशीच्या दशकात बंद पडली. आणि काकांच्या स्वतःच्या ९० एक एलपी, म्हणजे ३३ फेऱ्यांच्या, भीमसेन, कुमार, मन्सूर वगैरे. म्हणजे मशीनला ३३ पण पाहिजे आणि ७८ पण पाहिजे, आणि हा मुद्दा पुढे सगळ्यात महत्त्वाचा ठरला.

वाडा रिडेव्हलपमेंटला गेला आणि काका-काकू आमच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहायला आली. मी स्वतः नऊ वर्षं रेगाचा प्लॅनर ३ वापरतोय, आणि जिन्यात माझ्या हातात एलपीची पिशवी बघून काकूंनी थांबवलं, "अरे तुला यातलं कळतं का, ह्यांचं मशीन बघशील का जरा?" तिथून सुरुवात झाली.

नेमका प्रॉब्लेम

वरवर बघता तीन तक्रारी होत्या. स्टार्टचा खटका ओढला की प्लॅटर (रेकॉर्ड ज्यावर ठेवतात तो चकता) फिरायचा पण आर्म (पिन धरणारा दांडा) जागचा हलायचा नाही. स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा हम यायचा. आणि तिसरी तक्रार काकांची स्वतःची, ती ऐकून मी चाट पडलो. त्यांनी शेजारी पेटी ठेवली होती आणि म्हणाले, "हे बघ, सगळं अर्धा स्वर उतरलंय." मी स्ट्रोब डिस्क (स्पीड तपासायची रेघांची चकती, स्पीड बरोबर असला की फिरताना रेघा स्थिर दिसतात) आणून तपासलं तर खरंच स्पीड पाच-सहा टक्के कमी होता, आणि साधारण सहा टक्के म्हणजेच अर्धा स्वर. तेही पिचचं, म्हणजे स्पीड थोडा कमीजास्त करायचं, नॉब शेवटपर्यंत वर फिरवलेलं असताना! या मशीनवर पिच साधारण सहा टक्क्यांच्या पट्ट्यात कमीजास्त करता येतो, म्हणजे स्पीड गेली कित्येक वर्षं हळूहळू उतरत होता आणि काका तेवढं तेवढं नॉब वर करत गेले, नॉब संपलं तेव्हा आजार दिसला.

(स्ट्रोब डिस्क तपासायची असेल तर एक सांगतो, बहुतेक एलईडी दिव्याखाली रेघा स्थिर दिसतच नाहीत. चोकवाली जुनी ट्यूबलाइट नाहीतर निऑनचा छोटा इंडिकेटर लागतो. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणून ३३ साठी १८० रेघांचं वर्तुळ आणि ७८ साठी ७७ रेघांचं. आम्ही काकूंच्या देवघराच्या बोर्डावरच्या लाल निऑनखाली बघितलं.)

पण खरा प्रॉब्लेम या तिन्हीपेक्षा वेगळा होता आणि तो मला पहिल्या भेटीत कळलाच नाही. काकांना चार वर्षांपासून पार्किन्सन्स आहे, उजवा हात थरथरतो. आर्म चालत नाही म्हणून त्यांनी हाताने पिन ठेवायचा प्रयत्न केला होता आणि दोन एलपींवर ओरखडे आले, त्यानंतर त्यांनी मशीनला हातच लावला नाही. सात महिने बंद. काकू म्हणाल्या, संध्याकाळी नुसते रेकॉर्ड्सची कव्हरं काढून बघत बसतात.

कोणते पर्याय होते

काकांची मुलगी, तिला आपण ताई म्हणू, बंगलोरला असते. तिचं म्हणणं सरळ होतं, नवीन घेऊन टाकू, पैशाचा प्रश्न नाही, तू सांगशील तो. मलाही आधी तेच योग्य वाटलं आणि खरं सांगायचं तर मी मनात रेगाच ठरवून गेलो होतो.

रेगा. इंग्लंडची कंपनी, १९७३ पासून, रॉय गँडीची. माझा सगळ्यात आवडता मेकर. नऊ वर्षांत दोन बेल्ट आणि एक पिन एवढाच खर्च झालाय, काचेचा प्लॅटर, हलकं मशीन, बिघडण्यासारखं त्यात काही ठेवलेलंच नाही. पण माझ्या मशीनवर ७८ नाही. आणि ३३ चं ४५ करायचं तरी काचेचा प्लॅटर उचलून बेल्ट हाताने मोटरच्या पुलीच्या एका खाचेतून दुसऱ्या खाचेत घालावा लागतो. थरथरत्या हातात काचेचा प्लॅटर! माझ्यासाठी जे मशीन उत्तम तेच काकांसाठी सगळ्यात वाईट, हे मला त्यांच्या दिवाणखान्यात बसल्यावर पाच मिनिटांत कळलं.

प्रो-जेक्ट. ऑस्ट्रियाची कंपनी, माल चेक रिपब्लिकमधल्या लिटोव्हेलला बनतो. डेब्यू कार्बन ईव्हो मध्ये ७८ आहे पण त्यासाठी बेल्ट बदलावा लागतो. आर्म पूर्ण मॅन्युअल.

टेक्निक्स. ही दुसरी माझी आवड. एसएल-१२०० पहिल्यांदा १९७२ ला आला, एमके२ १९७९ ला, २०१० ला बंद केला आणि लोकांनी इतका पिच्छा पुरवला की २०१६ ला परत आणावा लागला. मित्राकडे एमके२ आहे, डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे मोटर थेट प्लॅटरला जोडलेली, बटण दाबलं की लगेच पूर्ण स्पीड, बेल्ट नाही, रबर नाही, तीस वर्षं झाली तरी स्पीड हलत नाही. नवीन एमके७ मध्ये ७८ पण आहे. किंमत लाखाच्या आगेमागे, तरी ताई तयार होती. पण आर्म पुन्हा मॅन्युअल. लिफ्टचा खटका आहे हो, पण आर्म नेमका रेकॉर्डच्या कडेवर आणून थांबवायचा तो हातानेच, आणि ७८ ची तबकडी बहुधा १० इंची, म्हणजे कड आणखी आत.

थोरेन्स टीडी १६० चं एक चांगलं सेकंडहँड माहितीत होतं, स्प्रिंगांवर तरंगणारं, बघायलाही सुंदर. ३३ आणि ४५ फक्त. विषय संपला.

मग काकांचा भाचा, अमेरिकेत न्यू जर्सीला असतो, तो म्हणाला माझ्याकडे डुअल १२२९ पडलाय, चालू कंडिशन, मे महिन्यात येतोय तेव्हा घेऊन येतो. सगळे खूश! मलाच नाही म्हणावं लागलं. अमेरिकेत ६० हर्ट्झ आणि या जुन्या डुअलची मोटर विजेच्या हर्ट्झवर चालते. व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. तिकडची मोटर इथे पाच-षष्ठांश वेगानेच फिरणार, म्हणजे ७८ च्या जागी ६५. इलाज एकच, मोटरच्या शाफ्टवरची पुली बदलून ५० हर्ट्झवाली जाड पुली टाकायची, आणि ती शोधण्यापेक्षा घरात उभं असलेलं ५० हर्ट्झचं मशीन दुरुस्त करणं सोपं. काकांनी जर्मनीतून आणलं म्हणून पन्नास वर्षं कुठलाही कन्व्हर्टर न लावता ते चाललं, तिथेही ५० आणि इथेही ५०.

एक पर्याय कोणीतरी सुचवलाच, सगळं डिजिटल करून टाका आणि फोनवर ऐका. काका एवढंच म्हणाले, "मला उठून लावायचंय."

हे वाक्य माझ्या दृष्टीने निर्णयाचा क्षण. प्रश्न आवाजाच्या क्वालिटीचा नव्हताच, आठवडाभर मी उगाच त्याच अंगाने विचार करत होतो. काकांना ७८ चालवणारं, स्वतःहून पिन ठेवणारं आणि स्वतःहून उचलणारं मशीन पाहिजे होतं, शिवाय पिच कंट्रोल, कारण सुरुवातीच्या काळातल्या सगळ्या तबकड्या बरोब्बर ७८ ला रेकॉर्ड झालेल्या नाहीत, कुठली ७६ तर कुठली ८०, आणि काका पेटीवर सूर धरून लावतात. १२१९ मध्ये हे सगळं आहे. ३३, ४५, ७८, पिच, आणि ७, १०, १२ इंच असा रेकॉर्डचा साइज निवडायचा खटका. पुण्या-मुंबईच्या ज्या दुकानांत आम्ही विचारलं तिथे त्या वेळी असं नवीन काही मिळालं नाही. म्हणून दुरुस्ती.

काय केलं

आधी मशीन एका रिपेअरवाल्याकडे दिलं. तीन आठवड्यांनी परत आलं ते जास्त बिघडून. त्याने जिथे हलणारा भाग दिसला तिथे शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं, आयडलर व्हीलच्या रबरावरसुद्धा. आयडलर म्हणजे मोटरची पुली आणि प्लॅटर यांच्या मधलं रबरी चाक, ते घासून प्लॅटर फिरवतं. त्यावर तेल म्हणजे प्लॅटर घसरणारच, स्पीड आणखी पडला. त्या माणसाचाही फार दोष नाही, मिक्सर आणि पंखे दुरुस्त करणारा माणूस, त्याने आयुष्यात असलं मशीन बघितलं नव्हतं. मी न विचारता दिलं ही चूक माझी.

मग ठरवलं, घरीच करायचं. काका इंजिनियर, डोकं अजून तल्लख, हात चालत नाहीत. माझे हात चालतात, मेकॅनिझम कळत नाही. ते खुर्चीत बसून सांगणार आणि मी करणार, असे सहा रविवार गेले.

पहिल्या रविवारी उघडल्या उघडल्या काका म्हणाले कपॅसिटर बघ. स्विचला समांतर एक छोटा कपॅसिटर असतो, तडतड आवाज येऊ नये म्हणून. या वयाच्या डुअलमध्ये तो फुटतो हे जर्मनीत इतकं कॉमन आहे की तिकडे त्याला फटाका म्हणतात. आमच्याला तडा गेलेलाच होता. एक्स२ सेफ्टी रेटिंगचा नवा टाकला, काही रुपयांची वस्तू. कोणाकडे जुना डुअल पडून असेल तर कृपा करून प्लगला लावायच्या आधी हे करा, बाकी सगळं नंतर.

दुसरा आणि तिसरा रविवार नुसता ग्रीस काढण्यात गेला. पन्नास वर्षांत ग्रीसचा गोंद होतो, अक्षरशः. ऑटोमॅटिकचे सगळे लिव्हर त्यात चिकटलेले. इअरबड, टूथपिक आणि स्पिरिट. प्रत्येक भाग काढायच्या आधी मोबाइलवर फोटो, हा नियम काकूंनी घालून दिला आणि त्यामुळेच वाचलो.

आर्म न हलण्याचं कारण सापडलं तेव्हा आम्ही दोघं हसत सुटलो. आर्मला ढकलणाऱ्या पट्टीवर एक तांदळाच्या दाण्याएवढी रबरी टोपी असते, जर्मन लोक तिला श्टॉयरपिंपल म्हणतात. तीच आर्मला पकडून नेते. ती झिजून पडली होती. नवीन मागवायची तर बाहेरून. काका म्हणाले सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आण. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने फुकट दिली. त्यातला दोन-अडीच मिलिमीटरचा तुकडा कापला, टोक जरा गोल केलं, बसवला, स्टार्ट ओढला, आणि आर्म उठला, आत आला, आणि सावकाश खाली बसला. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

आयडलरवरचं तेल स्पिरिटने पुसून काढलं आणि बारीक पॉलिश पेपरने कड हलकी घासली, मोटरच्या दोन्ही बेअरिंगला मोजून थेंबभर तेल. स्पीड परत आला, पिचचं नॉब मधोमध. हमचं कारण केबल निघालं, जुनी पाच पिनची जर्मन पद्धतीची वायर, तिचं शील्ड तुटलेलं. नवीन आरसीए वायर आणि अर्थिंगची तार वेगळी काढून अँप्लिफायरच्या स्क्रूला, हम गेला. शिवाय मशीन शिफ्टिंगच्या वेळचे ट्रान्झिट स्क्रू घट्टच होते, ते सैल केल्यावर चासी स्प्रिंगांवर तरंगायला लागली आणि खोलीत चाललं तरी पिन उडेना.

राहिली पिन. ७८ ची खाच रुंद, पिन साधारण ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लागते, एलपीची ०.७ मिल. एलपीच्या पिनने ७८ वाजवली की पिन खाचेच्या तळाशी खरवडत जाते, नुसती खरखर येते, वर पिनही झिजते. काकांकडे शुअर कंपनीचं कार्ट्रिज (पिन ज्यात बसते तो भाग) होतं, शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिजचा धंदाच बंद केला, तेव्हा जपानच्या जिको कंपनीची पिन टाकून ते एलपीसाठी ठेवलं आणि ७८ साठी ऑर्टोफॉन कंपनीचं २एम ७८ हे दुसरं कार्ट्रिज वेगळ्या होल्डरवर बसवलं. डुअलमध्ये हँडल मागे सारलं की अख्खा होल्डर सुटून हातात येतो. हलक्या होल्डरला वॉशर लावून दोन्हींचं वजन सारखं केलं म्हणजे पिनच्या दाबाचा काटा दर वेळी परत लावायला नको.

मधे झालेली चूक

हे लिहायला जड जातं पण लिहिलंच पाहिजे. चौथ्या रविवारी ट्रायलसाठी मी बालगंधर्वांची एक तबकडी घेतली आणि सवयीने, एलपीला वापरतो तसं, आयसोप्रोपिल अल्कोहोल मारलेल्या कापडाने पुसली. कापड काळं झालं. मला वाटलं धूळ. ती धूळ नव्हती, रेकॉर्ड होती. ७८ ची तबकडी लाखेची, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरला फ्रेंच पॉलिश करणारा माणूस चपडा लाख स्पिरिटमध्येच तर भिजवतो, लहानपणी वाड्याच्या दारात बसून हे बघितलेलं, पण त्या क्षणी डोक्यात आलं नाही. एका बाजूची चकाकी गेली आणि पहिलं अर्धं मिनिट आता फुसफुसतं. वडिलांची तबकडी ती. काका म्हणाले, "दुसरी बाजू आहे की." मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतर ७८ साठी फक्त डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रश, लेबलला पाणी लागू द्यायचं नाही आणि लगेच कोरड्या कापडाने टिपायचं. १८० पैकी ६४ झाल्यात.

आता काय स्थिती

दीड वर्ष झालं. काका रोज संध्याकाळी एक तास स्वतः लावतात. रेकॉर्ड प्लॅटरवर ठेवायला दोन्ही हात लागतात पण जमतं, तिथे थरथरलं तरी बिघडत नाही, पुढे खटका ओढला की मशीन बघून घेतं. होल्डर बदलणं मात्र त्यांना जमत नाही, म्हणून रविवारी मी जाऊन बदलतो, एक आठवडा ७८, एक आठवडा एलपी. ७८ च्या आठवड्यात डावं-उजवं चॅनेल एकत्र करून मोनो ऐकतो, खरखर बरीच कमी होते.

काही जुन्या तबकड्यांना शेवटी पिन आत खेचून नेणारी खाच नाही, तिथे ऑटोमॅटिक बंद होत नाही, पिन शेवटच्या वर्तुळात फिरत राहते. अशा तबकड्यांच्या पाकिटावर काकूंनी लाल टिकली लावलीये, ती दिसली की काका स्टॉपच्या खटक्यावर हात ठेवून बसतात. दोन पिना, कार्ट्रिज, वायर, सगळं धरून खर्च नवीन टेक्निक्सच्या पाव हिश्शाच्या आत राहिला, अर्थात सहा रविवार वेगळे.

परत करायचं झालं तर

पहिल्या भेटीत मी मशीनकडे बघत बसलो, माणसाकडे नाही. काका कसे लावतात, कुठल्या पायरीला अडतात हे आधी बसून बघितलं असतं तर रेगा-टेक्निक्सच्या चर्चेत गेलेले तीन आठवडे वाचले असते. ट्रायल मी माझ्या रेकॉर्डवर करायला हवी होती, त्यांच्या नाही. आणि रिपेअरवाल्याला देण्याआधी एकच विचारायचं, आयडलरला तेल घालतात का? जो हो म्हणेल त्याच्याकडून मशीन उचलून घरी आणायचं.

एका गोष्टीवर माझं आणि ताईचं अजून एकमत नाही. तिचं म्हणणं की हे सगळं एका माणसावर, म्हणजे माझ्यावर अवलंबून आहे, उद्या मी पुणं सोडलं तर काय, म्हणून नवीन एखादं मशीन बॅकअपला असावं. तिचं चूक नाही. आयडलरचं रबर पन्नास वर्षांचं आहे, आज चालतंय पण कडक होतच जाणार. सध्या आम्ही रबर परत चढवून देणाऱ्याच्या शोधात आहोत, आणि दिवाळीत ताई आली की होल्डर कसा बदलायचा ते तिला आणि काकूंना शिकवायचं ठरलंय. काकूंनी आत्ताच वहीत लिहून घेतलंय, हँडल मागे, होल्डर खाली, आधी पिनचं टोपण लावायचं.